केरबा डुबलाची सुधारित आवृत्ती

“बाकी समदं झ्याक लिवलंय. पर शेवटाला मला रडवलंसा, ते का म्हून?”

खिडकीच्या गजांमधून एक पुस्तक आत सरकलं. वर्तमानपत्राचं कव्हर, कोपरे दुमडलेले. मी पहिलं पान उलटलं. ‘डोहातला ट्रक’, लेखक रणधीर वज्रे.

रणधीर वज्रे म्हणजे मी. पण ही गोष्ट त्या कचेरीत कुणालाही ठाऊक नव्हती, आणि ठाऊक होऊन चालणारही नव्हतं. साल एकोणीसशे ब्याऐंशी, महिना जानेवारी. तालुक्याच्या मोजणी कचेरीत मी कनिष्ठ लिपिक अरविंद खटावकर, आणि मला नोकरीत कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला. सरकारी नोकरानं परवानगी न घेता पुस्तकं छापायची नाहीत असा नियम होता. त्यातून माझी पुस्तकं म्हणजे खून, दरोडे आणि ओल्या पदरानं पळणाऱ्या बायका. साहेब सोवळ्यातले. त्यांनी पहिल्याच पानावर मला घरी पाठवलं असतं.

“मामा, हे पुस्तक तुम्ही मला का दाखवताय?” मी आवाज शक्य तेवढा सरकारी केला. “नाव काय आपलं?”

“केरबा नाना डुबल. मौजे हिवरतळ.”

पांढऱ्या मिशा, डोक्याला मळका पटका, अंगानं चिपाड. चेहरा इतका गरीब की बघणाऱ्यानं उठून बसायला जागा द्यावी. आणि माझ्या कादंबरीत केरबा नाना डुबल, मौजे हिवरतळ, हा चांदीचा तस्कर होता. त्यानं सात खून पाडले होते आणि मुडद्यांनी भरलेला ट्रक नदीच्या डोहात लोटला होता. शेवटच्या प्रकरणात डिटेक्टिव्ह अभय राजे त्याला कडब्याच्या गंजीतून ओढून काढतो आणि हा नराधम त्याचे पाय धरून पोरासारखा रडतो, असं मी मोठ्या झोकात लिहिलं होतं.

चूक सर्वस्वी माझी होती. मला नावं सुचत नसत. मी बनवलेली नावं नाटकातल्या पात्रांसारखी वाटायची. म्हणून कचेरीत नकलेला आलेली हिवरतळच्या खातेदारांची गटवार यादी मी समोर ठेवली आणि बापाच्या नावासकट माणसं उचलली. यादीतल्या नावांना वजन असतं. त्या नावांमागं माणसं असतात, हे कारकुनाच्या डोक्यात येत नाही.

“मामा, हा वज्रे कोण, कुठला, मला काय माहीत? लेखक लोक काहीही लिहितात.”

म्हातारा गजाला टेकला. “भाऊसाहेब, गोष्टीत ‘मौजे’ कोन लिवतंय वो? कचेरीतला मानूस लिवतो. आनि तुमच्या पुस्तकात मानसं मरत्यात ती बी आमच्या गटाच्या नंबरानं. आदी एकशे बाराचा हणमा, मग एकशे तेराचा म्हादू, मग एकशे चौदाची गंगूबाई. ती बिचारी दवाखान्यात जाऊन तपासून आली. यादी कुनाकडं व्हती म्हून इचारलं, तर शिपायानं तुमच्याकडं बोट केलं.”

अभय राजेला हा शोध लावायला दोनशे पानं लागली असती.

“साहेबांना सांगणार आहात?”

“छ्या, छ्या! मी कशाला सांगू?” त्यानं कानाच्या पाळ्यांना हात लावला. “पर मानूस म्हातारा. एखांद्या वक्ती तोंडातनं निसटून जातंय.”

मी खुर्चीवरून उठलो आणि त्याला समोरच्या हाटेलात चहाला घेऊन गेलो.

आता योगायोग बघा. माझ्या पिशवीत त्याच दिवशी त्याच पुस्तकाची शेवटची प्रुफं होती. पहिली आवृत्ती संपली होती आणि कोल्हापूरच्या आमच्या प्रकाशकांना, अण्णा मगदूमांना, दुसरी काढायची घाई झाली होती. चौथ्या प्रकरणात अभय राजेचा हात मोडतो आणि पाचव्यात तोच हात मोटार चालवतो, असल्या चुका मी आधीच दुरुस्त करून दिल्या होत्या. शेवटच्या सोळा पानांचा फर्मा तेवढा छापायचा राहिला होता. शिवाय अण्णांनी पुढच्या भागांची यादी मागवली होती. मी ती कोऱ्या अर्जांच्या पाठीवर केली होती : ‘अभय राजे हिमालयात’, ‘अभय राजे आणि जर्मन डॉक्टरीण’, ‘अभय राजे पाण्याखाली’. मी स्वतः तोवर बेळगावच्या पुढं गेलो नव्हतो.

“मामा, दुसरी आवृत्ती निघतेय,” मी म्हटलं. “शेवटच्या पानांत तुमचं नाव बदलून टाकतो. चोराचं खरं नाव दुसरंच निघतं, बाहेरगावचं. झालं समाधान?”

म्हाताऱ्यानं तोंडाला लावलेली बशी खाली घेतली. “नाव बदलताय? आनि मी काय करू मग?”

“म्हणजे?”

“अवो, सासष्ट वरसात मला कुनी ‘या’ म्हनलं न्हाई. तुमचं पुस्तक आलं आनि गिरनीत माजं दळण पयलं लागाय लागलं. सून भाकरीवर लोणी वाडती. यष्टीचा कंडक्टर उठून जागा देतो. मी मुंबईत अकरा वरसं व्हतो, तितं काय करत व्हतो ते गावात कुनाला ठावं न्हाई. आता समद्यांस्नी वाटतंय, छापलंय म्हंजे खरं आसंल.”

“आणि काय करत होतात मुंबईत?”

“गिरनीत कापडाच्या घड्या घालत व्हतो. पर कुनी इचारलं तर मी व्हय म्हनत न्हाई, न्हाई बी म्हनत न्हाई. निस्ता मिशीला हात लावतो.”

मी हसू दाबलं. “मग तक्रार काय आहे?”

“शेवट!” त्यानं टेबलावर बोट आपटलं. “निम्मं वाचून झालेला मानूस मला बगून रस्ता सोडतो. पुरं वाचलेला मानूस हसतो. रडलो म्हून. म्हून मी वाचनालयातल्या पुस्तकाची शेवटची पानं फाडली. गावात आजून तीन पुस्तकं व्हती, त्यांची बी फाडली. पर ज्ञानूचा जावई पुन्यास्नं रविवारी येतोय, त्याच्याकडं आक्खं पुस्तक हाय.”

“हा ज्ञानू कोण?”

“ज्ञानू येसू डुबल. माजा चुलतभाव. बांधाचं भांडान हाय आमचं, तीस वरसांचं.” म्हातारा एकदम मऊ आवाजात बोलू लागला. “येत्या सोमवारी बांधावर मोजनी हाय. पुस्तक आल्यापास्नं ज्ञानू बांधाकडं फिरकत न्हाई. मी समोरनं आलो की खाली मान घालतो. पर रविवारी त्याला कळलं, की ह्यो केरबा शेवटाला पाय धरून रडतोय, की झालं. भ्याव गेलं की समदं गेलं, भाऊसाहेब.”

मला भडभडून आलं. मोजणी कचेरीत राहून मी बांधकोरे पुष्कळ बघितले होते. दरवर्षी नांगरताना बांधाला एक घास लावायचा, आणि दहा वर्षांत शेजाऱ्याचं शेत आपलं करायचं. हा सज्जन म्हातारा एकटा आणि समोर तो धटिंगण ज्ञानू. माझ्या एका फर्म्यानं त्याची जमीन वाचत असेल तर? शिवाय माझी नोकरीही वाचत होती, ते वेगळंच.

“पण जावयाकडचं पुस्तक तर तेच राहणार ना?”

“त्याचं काय? तुमीच कचेरीत फेरफार करता न्हवं? नवी नोंद झाली की जुनी रद्द. नव्या पुस्तकावर ‘सुधारित’ म्हून छापा. मी म्हनीन, त्यात लेखकाची चूक झाली व्हती, सरकारनं दुरुस्त केली.”

कबूल करतो, मी थक्क झालो. मग तिथंच, भज्यांच्या बशीसमोर, आम्ही शेवटचं प्रकरण नव्यानं रचलं. मी म्हटलं, केरबा पोलिसांवर गोळ्या झाडत झाडत मरतो. म्हातारा म्हणाला, “मेल्यावर मला कोन भिणार?” मी म्हटलं, तुरुंगात जातो. “मंग सोमवारी बांधावर हुबा कोन ऱ्हाईल?” शेवटी त्यानंच सुचवलं. “डोहाच्या कड्यावरनं उडी टाकतो. निस्ता पटका वर येतो. मानूस बुडला का निसटला, कुनी बगितलं? तुमच्या त्या अभय राजेला काटावर हुबा करा, आनि मागनं कुनीतरी हसल्याचा आवाज येऊं द्या.”

 सहा पुस्तकं लिहून मला असा शेवट सुचला नव्हता.

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी कोल्हापूर गाठलं. अण्णा मगदूम यंत्रापाशीच उभे होते. नवं प्रकरण वाचता वाचता त्यांच्या कपाळावरची आठी चढत गेली.

“खटावकर, चोर सुटला?”

“हो अण्णा.”

“डोकं फिरलंय का तुमचं? वाचनालयवाल्यांना मी काय तोंड दाखवू? आपल्या मालेत गुन्हेगाराला शिक्षा होते. वाचक तेवढ्यासाठी तर वाचतो! बायको ओरडते, साहेब ओरडतो, निदान पुस्तकात तरी कुणाला तरी बेड्या पडू देत की.”

“अण्णा, चोर पकडला तर पुस्तक संपलं.”

“संपायलाच पाहिजे.”

“आणि सुटला तर दुसरा भाग.”

अण्णांनी चष्मा काढला. “आणि दुसऱ्या भागात पकडायचा?”

“पकडायचा. किंवा पुन्हा सोडायचा.”

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग कंपोझिटरला हाक मारून म्हणाले, “सोडा त्या नालायकाला. आणि मुखपृष्ठावर ‘सुधारित’ मोठ्या टाइपात टाका.” माझ्या हिमालयाच्या आणि जर्मन डॉक्टरणीच्या यादीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. “ते राहू द्या. मला केरबा पाहिजे.”

रविवारी सकाळी हातानं शिवलेल्या आठ प्रती घेऊन मी स्टँडवर उतरलो. म्हातारा आधीच येऊन बसला होता. त्यानं तिथंच शेवटचं पान वाचलं, ओठ हलवत, सावकाश. मग पुस्तकाला कपाळ टेकवलं. “देव भलं करंल तुमचं,” म्हणाला आणि हिवरतळच्या गाडीत चढला. कंडक्टरनं खरंच उठून जागा दिली. मला फार बरं वाटलं. लिहिण्यानं कुणाचं तरी भलं होतं म्हणतात ते हेच, असं मनात म्हणत मी घरी गेलो आणि बायकोला जिलबी आणून दिली.

सोमवारी आमचा मोजणीदार सकाळी साखळी घेऊन हिवरतळला गेला आणि जेवायच्या वेळेला परत आला.

“एवढ्यात झाली मोजणी?” मी विचारलं.

“कसली मोजणी! अर्जदारानं माघार घेतली. बांधावर तो म्हातारा काळा गॉगल लावून उभा होता. एक शब्द बोलला नाही. अर्जदारानं वर मानसुद्धा केली नाही. म्हणाला, लिहून घ्या साहेब, आमचा आपसात समेट झालाय. घे, प्रकरण बंद कर.”

त्यानं फाइल माझ्या टेबलावर टाकली. मी खुशीत उघडली. अर्जदाराच्या रकान्यात लिहिलं होतं : ज्ञानू येसू डुबल.

मी पुन्हा वाचलं. मग आतला अर्ज वाचला. ‘माझे चुलतबंधू केरबा नाना डुबल यांनी गेली तीस वर्षे सामाईक बांध कोरून माझे शेतात चार हात अतिक्रमण केले आहे. मी गरीब असून...’ खाली ज्ञानूचा अंगठा. मी उठून जुना नकाशा काढला, पट्टी लावली आणि माघारीआधी मोजणीदारानं साखळी लावून टिपलेली आजची बांधाची जागा ताडून पाहिली. चार हात म्हणजे चार हात. ज्ञानू शंभर टक्के खरा होता.

मला लाज वाटली.  बंद प्रकरणावर शिक्का माझ्याच हातानं मारायचा होता, आणि तो मी मारला. त्याच दिवशी चार वाजता साहेबांनी मला कायम केल्याच्या कागदावर सही केली आणि सगळ्या कचेरीनं माझ्याकडून पेढे उकळले. माझा पेढा मी शिपायाला देऊन टाकला.

गुरुवारी म्हातारा आला. सोबत भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. मी त्याला ओढतच हाटेलात नेलं.

“मामा, बांध तुम्ही कोरलात!”

“व्हय,” तो शेंग फोडत म्हणाला.

“व्हय काय? तुम्ही मला फसवलंत! मला वाटलं, मी एका निरपराध माणसाला पुस्तकात बदमाश केलं.”

म्हाताऱ्यानं दाणे तोंडात टाकले. “भाऊसाहेब, मी कवा म्हनलो, त्यो मी न्हवं म्हून? मी तुमाला येवढंच म्हनलो, मला रडवू नगा.”

मी आठवून आठवून बघितलं. खरंच, एकदाही म्हणाला नव्हता. आणि समजा मी साहेबांकडं जाऊन सगळं ओकलो असतो, तर पहिला प्रश्न आला असता, हा वज्रे कोण?

“आता फुडच्या भागाचं बगा,” त्यानं शेंगांची टरफलं झाडली. “मला जीप द्या. गॉगल हाय, त्यो ऱ्हाऊ द्या. आनि लोकांनी माज्या नावाचा जयजयकार क्येला पायजे. येवढं लिवा. मानूस म्हातारा हाय मी, भाऊसाहेब. तोंडातनं एखांद्या वक्ती...”

“कळलं,” मी म्हटलं.

त्या दिवशी मी इतका चिडलो होतो की काही विचारू नका. पहिले आठ दिवस मी दुसऱ्या भागात केरबाला नाना तऱ्हेनं मारला. हत्तीच्या पायी दिला, विहिरीत बुडवला, एकदा तर ऊस गाळायच्या चरकात घातला. सगळे कागद फाडून टाकले. मेलेला केरबा म्हाताऱ्यानं मला छापू दिलाच नसता. पकडलेला केरबाही नाही. बरं, छापून आलाच असता, तरी हा बहाद्दर गावात जाऊन शेवटची सोळा पानं फाडून मोकळा झाला असता. बायको म्हणाली, “अहो, एवढं काय डोकं खाजवताय? ज्याला जे पाहिजे ते देऊन टाकावं. पोटभर द्यावं.”

मी कोरे कागद पुढं ओढले. मग बसलो आणि चोवीस दिवसांत ‘डोहातून परत’ लिहून काढली.

म्हाताऱ्यानं मागितलं ते सगळं दिलं. जीप दिली. गॉगल दिला. दोन वाघ दिले, मागितले नव्हते तरी. डोहातून निसटलेला केरबा नाना डुबल, मौजे हिवरतळ, अभय राजेला तीनदा चकवतो. पण शेवटच्या प्रकरणात त्या ढाण्या वाघाचं काळीज पालटतं. तो जीपमधून थेट गावाच्या पारावर उतरतो, गॉगल काढतो आणि गरजतो, ‘केरबा भिऊन देत नाही, केरबा राजीखुशीनं देतो! ज्याचं जे घेतलं ते आज परत!’ लुटलेली चांदी वाटतो. भाऊबंदाची चार हात जमीन स्वतः बांध उकरून मोकळी करतो. गाव त्याला खांद्यावर घेऊन नाचतं. असा माणूस शतकात एक होतो, असं मी लिहिलं. अण्णा मगदूमांना वाचताना भरून आलं.

छापून येताच मी हिवरतळला पंधरा प्रती धाडल्या. वाचनालयाला, शाळेला, गिरणीवाल्याला, भजनी मंडळाला, गंगूबाईला. एक ज्ञानू येसू डुबल याच्या नावानं रजिस्टर पोस्टानं. एवढ्या प्रतींची पानं फाडायची तर म्हाताऱ्याला बैलगाडी लागली असती.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी खिडकीत म्हातारा उभा राहिला. गॉगल नव्हता. मी त्याला समोरच्या हाटेलात नेलं आणि चहा सांगितला.

“पारावर वाचन झालं,” तो म्हणाला. “हेडमास्तरांनी मोठ्यानं वाचलं. गाव लोटला व्हता. वाघांच्या वक्ताला बाया किंचाळल्या. मी म्होरं पाटावर बसलो व्हतो, फेटा बांधून. आनि शेवट आला.”

“मग?”

“मंग काय! जयजयकार. हार घाटला. खांद्यावर घेतला मला. आनि त्यो ज्ञानू, समद्यांच्या देखत माज्या पायावर पडून रडाय लागला. म्हनला, दादा, मी तुमाला वळकलंच न्हाई.” म्हाताऱ्यानं डोळे मिटले. “खांद्यावर बसून ‘न्हाई’ कसं म्हनायचं, भाऊसाहेब? सासष्ट वरसात पयल्यांदा बसलो व्हतो.”

“दिली जमीन?”

“मिरवणूकच बांधावर नेली लोकांनी. माज्या हातात कुदळ दिली. चार हात दिली, वर हुरळून एक हात जास्तीची दिली.”

मला आनंद झाला. उघड सांगतो, मनातल्या मनात मी उड्या मारत होतो. पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून थोडं वाईटही वाटलं.

“मग आता तर गाव तुम्हाला डोक्यावर घेत असेल, मामा.”

“त्येच तर!” तो माझ्याकडं कळवळून वाकला. “परवा शाळेची मंडळी आली. म्हनली, दादा, पोरांस्नी खेळाय जागा न्हाई, पुस्तकात तुमी लई दिलदार हायसा. दिली. काल देवळाची आली. त्यास्नी बी दिली. आज गंगूबाई दारात बसलीया, तिला गोठ्याला जागा पायजे. मी न्हाई म्हनाय गेलो, तर सूनच म्हनली, मामंजी, असं काय करताय, तुमी केरबा डुबल हायसा!”

तेवढ्यात पोस्टमन टेबलापाशी आला आणि त्यानं माझ्या हातात अण्णा मगदूमांचं कार्ड दिलं; कचेरीत नको म्हणून त्यांची पत्रं मी हाटेलच्याच पत्त्यावर मागवत असे. म्हाताऱ्यानं ते माझ्याआधी वाचलं. ‘दुसरा भाग तडाखेबंद खपतो आहे. तिसरा ताबडतोब लिहायला घ्या. केरबा आणखी उदार दाखवावा.’

म्हाताऱ्यानं चहाची बशी खाली ठेवली आणि भर हाटेलात, सगळ्यांच्या देखत माझे दोन्ही पाय धरले.

“साहेबास्नी काय सांगत न्हाई. कुनालाच काय सांगत न्हाई. पर तिसरा भाग काडू नगासा, भाऊसाहेब. माज्याकडं आता सव्वा एकरच ऱ्हायलीया.”